लेकीच्या गाडीतली तक्रार वही

देवगडहून भीमाशंकरच्या दर्शनाला जाऊन आलेली दोन-चार माणसं आमच्या वाडीत सापडतील. मी तिकडे गेलो तो मात्र आधी तिकीट काढायला. माझी धाकटी मुलगी वैशाली त्या भागात लाल गाडीवर कंडक्टर आहे. पुण्याकडच्या जागा निघाल्या तेव्हा तिनं मला न विचारता अर्ज भरला, परीक्षा दिली, निवड झाल्यावर सांगितलं. दीड वर्ष झालं तरी मी तिला खाकी कपड्यात पाहिलं नव्हतं. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. दिवाळी संपली, थंडी पडायला लागली, तेव्हा एके दिवशी मी पिशवी भरली आणि निघालो.

माझ्याविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी हायस्कुलात लेखनिक होतो. अक्षर चांगलं आणि स्वभाव चिकट, त्यामुळे गावातल्या सगळ्या तक्रारी माझ्या हातच्या. टेलिफोन महिनाभर बंद, वीज संध्याकाळी नेमकी जेवायच्या वेळी गायब, गॅसचं सिलिंडर नंबर लावून दीड महिना नाही, सगळ्याचे अर्ज मीच लिहायचो. गाडी वेळेवर आली नाही की मी कंडक्टरकडे तक्रार वही मागायचो. लोक हसायचे, पण आमच्या स्टँडवर दिवा लागला तो माझ्या सातव्या अर्जानं, आणि हे मी कोणालाही अजून सांगतो.

घोडेगाव

घोडेगावात उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तालुक्याचं गाव, कचेऱ्यांसमोर कागद हातात धरलेली माणसं, आणि स्टँडवर डोंगराकडच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्या बायका. आमच्याकडे घरं झाडांत लपलेली असतात, इथं सगळं उघडं. लांबवर काळी रानं, त्यात कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकांच्या ओळी, आणि पलीकडे सह्याद्रीची भिंत. आम्ही ती भिंत जन्मभर खालून पाहिलेली. वरून तिच्याकडे चालत यायचं म्हणजे मागच्या दारानं घरात शिरल्यासारखं वाटलं.

वैशालीची खोली एका किराणा दुकानाच्या माडीवर होती. दुकानदार जैन, मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्यांपासून इथले. त्यांच्या घरातल्या भाभी अस्सल घोडेगावचं मराठी बोलत. "पावणं, आधी पाणी घ्या, मग लेकीचं कौतुक करा," म्हणाल्या. मी पाणी प्यालो, आणि कौतुकाच्या भरात पिशवी उघडून तिच्यासाठी आणलेला खाऊ बाहेर काढायला लागलो. आंब्याचं साट काढलं, कोकमं काढली, आणि मग सोड्यांचा पुडा. सुकवलेल्या कोळंबीचा तो वास क्षणात दुकानभर पसरला. वैशाली जिन्यावरून धावत आली आणि तिनं पुडा माझ्या हातातून अक्षरशः हिसकावला.

घरी आम्ही मालवणीत बोलतो. ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, ह्यांच्याकडे कांदोसुद्धा खाणत नाय! आनि तुमी सोडे हाडलास?"

भाभींनी पदर नाकाला लावला होता, पण डोळे हसत होते. "असू द्या," म्हणाल्या, "माया असती हो बापाची. फक्त पुडा जिन्याखाली ठेवा." त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्यांनी मला गरम फुलके, मुगाची डाळ आणि शेवेची भाजी वाढली. कांदा-लसूण नसलेलं इतकं चविष्ट जेवण मी त्याआधी जेवलो नव्हतो.

जेवताना वैशालीनं दुसऱ्या दिवशीचा नियम सांगितला. "उद्या गाडयेत तुमी माका वळख दाखवू नकात."

"कित्याक गे? लाज वाटता?"

"लाज नाय. थंय मी कंडक्टर, तुमी पॅसेंजर. माजी अजून नोकरी पक्की जावची आसा. बापाशीक पुढची सीट दिली म्हणान कोणी बोलाक नको."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बोलणं बरोबर आहे.

भीमाशंकरच्या वाटेवर

सकाळची सातची गाडी. खाकी शर्ट, केस घट्ट बांधलेले, गळ्यात नवं तिकीट मशीन. वैशाली फलाटावर आली आणि मी पिशवी हातात धरून बघत राहिलो. मी मुद्दाम मागून तिसऱ्या बाकावर बसलो आणि इतरांसारखं तिच्यापुढे नोट धरली. "भीमाशंकर, एक," मी म्हटलं. तिनं मशीनची बटणं दाबली, किर्र करून कागदाची पट्टी बाहेर आली. तिनं ती माझ्या हातावर ठेवली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढे सरकली. ती पट्टी मी डायरीत जपून ठेवली आणि वाटेतलं टिपत बसलो.

तिची भाषा ऐकून मला गंमत वाटत होती. "मावशे, आत सरा की जरा, लई जागा हाये मधी," असं ती अगदी तिथल्यासारखं बोलत होती. ड्रायव्हर होते पोपटराव, निमगाव सावा गावचे, पन्नाशीचे, मोठ्या मिशीचे. दोरीची घंटा एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. त्या दोघांचं सगळं बोलणं त्या घंटेतच चालायचं.

शिनोलीपर्यंत गाडी गच्च भरली. अर्ध्या लोकांची तिकिटं व्हायची होती, आणि तिथंच मशीनचा पडदा काळा झाला. वैशालीनं बटण दाबलं, बॅटरी काढून घातली, तळहातावर घासली. काही नाही. मला नंतर कळलं की ते रोजचंच होतं. डेपोत मशिनं बारा आणि चार्जिंगचे प्लग सहा, त्यात भारनियमन. ज्याची बॅटरी जुनी त्याचं नशीब फुटकं. जुन्या कागदी तिकिटांच्या पेट्या तर मशिनं आल्याबरोबर डेपोनं जमा करून घेतल्या होत्या. त्या डेपोचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण पुढे त्यांनी चूक सुधारली.

पोपटराव म्हणाले, "ताई, जाऊ द्या तशीच गाडी. तळेघरला बघू."

"नाही मामा. निम्मी गाडी बिनतिकिटाची वर नेली आणि तपासणीवाले आले तर? डिंभ्याला घ्या, तिथं दुकानात चार्ज करते."

डिंभ्याला गाडी थांबली. खाली धरणाचं निळंशार पाणी पसरलेलं, त्यावर सकाळची वाफ. एरवी मी ते पाहतच राहिलो असतो. पण गावात वीज नव्हती. साडेआठला येईल, म्हणाले.

गाडीत कुरबुर सुरू झाली. माझ्या पुढच्याच बाकावर शहरातले एक चष्मेवाले गृहस्थ बायकोसह बसले होते. दर्शन करून दुपारच्या गाडीनं परत फिरायचं, संध्याकाळी त्यांची पुण्याहून रेल्वे. ते उठून उभे राहिले. "हा काय प्रकार आहे? मशीन बिघडलं ही आमची चूक आहे का? तुम्हाला चालवता येत नसेल तर कशाला नोकऱ्या करता?"

वैशाली दोनदा शांतपणे बोलली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज चढला. "मी काय मशीन घरी बनवते का? बसायचं तर बसा, नाहीतर उतरा!"

मी मान खाली घातली.

"तक्रार वही द्या," गृहस्थ म्हणाले.

तिनं एक क्षणही न घालवता पेटीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. मग मशीन घेऊन खाली उतरली आणि रस्त्यापलीकडच्या टेलिफोन बूथकडे गेली. तिथल्या दुकानदाराकडे बिलाच्या यंत्रासाठी इन्व्हर्टर होता, हे तिला ठाऊक असावं.

गृहस्थांनी वही उघडली, पेन शोधलं, आणि आजूबाजूला पाहिलं. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या डायरीवर आली. "काका, तुम्ही मघापासून लिहिताय. अक्षर सुरेख आहे. माझं मराठी लिखाण आता राहिलं नाही हो. मी सांगतो, तुम्ही लिहा."

तीस वर्षांत मी किती वह्या भरल्या असतील देव जाणे, पण हात असा कधी जड झाला नव्हता. नाही म्हणता आलं असतं. चष्मा आणला नाही म्हणता आलं असतं. पण गावच्या स्टँडवर दुसऱ्याच्या मुलाविरुद्ध लिहिताना मी कधी चष्मा विसरलो नव्हतो.

मी म्हटलं, "लिहितो. पण मी घडलं तेवढंच लिहीन. मग तुम्ही वाचा, पटलं तर सही करा."

लिहायला घेतलं. गाडी कुठली, वेळ कुठली, मशीन कुठं बंद पडलं. मग मी पोपटरावांना विचारलं, असं किती वेळा होतं? ते म्हणाले, "आठवड्यातनं दोन-तीनदा. ताईंनी साहेबास्नी चारदा तोंडी सांगितलंय, मी साक्षीला व्हतो." तेही लिहिलं. कारणंही त्यांनीच सांगितली. प्लग कमी, बॅटऱ्या जुन्या, कागदी तिकिटांची पेटी जवळ नाही, म्हणून प्रवाशांचा खोळंबा होतो आणि कंडक्टरचाही नाइलाज होतो, असं लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तर कोणी काही म्हटलं नसतं. पण गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. मी शेवटी लिहिलं, 'कंडक्टर प्रवाशांशी एकदा आवाज चढवून बोलल्या. हे योग्य नव्हे.'

खाली मी नाव आणि पत्ता लिहिला. गृहस्थांनी वही घेतली, वाचली आणि थबकले. वर कंडक्टरच्या रकान्यात वै. नाईक, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाईक, मुक्काम देवगड.

"तुम्ही नाईक? या पण नाईक?"

"मुलगी आहे माझी."

सगळ्या गाडीनं माना वळवल्या. गृहस्थांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मुलीला वाचवायला मशीनवर ढकललंत होय!"

"मोठ्यानं वाचा," मी म्हटलं. "एक शब्द खोटा निघाला तर पान फाडा."

त्यांनी खरंच मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज जरा खाली आला. तेवढ्यात खिडकीजवळ बसलेली एक बाई बोलली. डोंगरातली होती, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं, तळेघरच्या आश्रमशाळेतल्या लेकीला भाकरी आणि खोबऱ्याची चटणी घेऊन निघालेली.

"आवाज चढवला, खरं हाये," ती म्हणाली. "पन दादा, आमच्या फाट्याला दुसऱ्या गाड्या थांबत न्हाईत. आमी हात करतो, त्या धूळ उडवत जात्यात. ही बाई एकली घंटा मारती. पावसाळ्यात मी लांब व्हते, पळत येत व्हते, तर हिनं गाडी उभी केली. ते बी लिवा की त्या वहीत."

मी गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "लिहा," म्हणाले. मी लिहिलं. त्यांनी सही केली, पोपटरावांनी केली, आणि त्या बाईनं शाईनं अंगठा उठवला. अंगठा उठवताना ती हसत होती. "साळंत असते तर सही केली असती. माजी पोर करील आता."

वीस-पंचवीस मिनिटांनी वैशाली परत आली. मशीनचा पडदा उजळला होता. तिनं वही परत घेतली, उभ्या उभ्या वाचली. शेवटच्या ओळीपाशी तिचे डोळे थांबले. माझ्याकडे न बघता तिनं वही पेटीत ठेवली, उरलेल्या एकूण एक प्रवाशाला तिकीट दिलं, आणि दोरी दोनदा ओढली.

घाट सुरू झाला तसा डोंगरावरचा पिवळा गवताळ उतार, कापून ठेवलेली भाताची खाचरं दिसू लागली. ती खाचरं पाहून मात्र घर आठवलं. तळेघरला गाठोडं घेऊन ती बाई उतरली. शाळेच्या फाटकाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी होती. गाडी दिसताच ती धावत सुटली.

भीमाशंकरला पायऱ्या उतरून दर्शन घेतलं. थंड, काळोखा गाभारा आणि बाहेर दाट जंगल. झाडावर लांब शेपटीचं शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, ते पाहायला सगळेजण तोंड वर करून उभे. बायकोला फोन करावा म्हणून खिशातला मोबाईल काढला तर रेंज नाही. पेढ्याच्या दुकानाबाहेर नाणं टाकायचा फोनचा डबा होता, त्यानं नाणं गिळलं आणि टूं करून गप्प झाला. दुकानदार म्हणाला, "राव, त्याला थापड मारा वरच्या अंगाला." मारली. नाणं आलं नाही, हात दुखला. चष्मेवाले गृहस्थ शेजारीच होते. ते पहिल्यांदा हसले आणि मला एक पेढा दिला.

निमगाव सावा

परतीच्या वाटेवर वैशाली माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आणि पोपटरावांची सुट्टी होती, आणि पोपटरावांनी आम्हाला घरी बोलावलं होतं. जुन्नर तालुक्यातलं निमगाव सावा हे बागायती गाव. ऊस, कांदा, द्राक्षाचे मांडव. पोपटरावांच्या मालकीणबाई ताराबाईंनी दारातच पायांवर पाणी घातलं. "या पावणं. आज मासवडी केलीया."

मी खूश झालो. दोन दिवसांनी मासे! पितळीत आमटी आली, लालभडक, वर तेलाचा तवंग. शेजारी कापलेल्या वड्या. मी घास घेतला आणि काटा शोधत राहिलो. पोपटराव हसून हसून बेजार. "पावणं, यात मासा न्हाई. बेसनाची वडी, आत तीळ, खोबरं, कांदा, लसूण. नुसता आकार माशाचा." पण मासा नाही याचं दुःख दुसऱ्या घासाला संपलं. बाजरीची भाकरी कुस्करून मी तीनदा आमटी मागून घेतली. आमच्याकडे ओल्या नारळाशिवाय पान हलत नाही. इथं सुकं खोबरं भाजून वाटतात आणि त्यावर तिखटाचं राज्य. सोड्यांचा पुडा मी ताराबाईंना दिला आणि कालवण कसं करायचं ते शिकवलं. त्यांनी वास घेऊन पुडा हातभर लांब धरला.

हात धुताना वैशाली शेवटी बोलली.

"बाबा, ता वाक्य तुमी लिवलास."

"खरा होता मगे."

"खराच होता. म्हणान तर माका राग इलो." ती टॉवेलनं हात पुसत राहिली. "उद्या सायबानी बोलावल्यानी हा. वही वाचल्यानी त्यांनी."

नोकरी पक्की व्हायला तिचे चार महिने राहिले होते, आणि बापाच्या हातची ओळ साहेबांच्या टेबलावर पोचली होती.

डेपो

दुसऱ्या दिवशी मी डेपोच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. आत जायला तिनं मनाई केली होती. दोन कप चहा झाला. मी मनातल्या मनात साहेबांना अर्ज लिहीत होतो, आणि प्रत्येक अर्ज अर्ध्यावर खोडत होतो. माझ्या मुलीवर अन्याय करू नका असं लिहावं, तर माझ्याच हातानं तिची चूक लिहिलेली. तरीही ती ओळ खोडावी असं मला एकदाही वाटलं नाही. तिथं बसून मी स्वतःला वारंवार तपासलं.

ती बाहेर आली तेव्हा काखेत पत्र्याची एक जुनी पेटी होती.

"समज दिल्यानी," ती म्हणाली. "तोंडी. आवाज चढवलंय म्हणान."

"आनि पक्क्या होवचा?"

"तेच्यावर काय परिणाम नाय, म्हणाले. साहेब म्हणाले, तक्रारी लई येतात, पण कंडक्टरचं चुकलं तेही लिहिलंय आणि डेपोचं चुकलं तेही, असा कागद पहिल्यांदा बघतोय. तो वर पाठवतो." बोलता बोलता ती मालवणी विसरून गेली होती. "डोंगराकडच्या सगळ्या गाड्यांना मशीनबरोबर कागदी तिकिटांची पेटी परत द्यायची, आजपासून. प्लगचा बोर्डही नवा बसवतायत."

मग ती पेटी टपरीच्या बाकावर उघडून बसली. रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि भोकं पाडायचा पंच. तिची भरती मशीनच्या काळातली, पेटी तिनं प्रशिक्षणात जेमतेम हाताळलेली. दोन जुने कंडक्टर चहा प्यायला आले होते. ते तिच्या शेजारी बसले आणि बोटांच्या कुठल्या पेरात कुठला गठ्ठा धरायचा, अंगठ्यानं तिकीट कसं फाडायचं, ते दाखवू लागले. वैशालीचं पहिलं तिकीट वाकडं फाटलं. दुसरं बरं. दहाव्याला ते दोघं म्हणाले, "आता जमतंय, ताई."

मंचर

त्याच दुपारी मी परत निघालो. मंचरपर्यंत तिच्याच गाडीत होतो, पुढे पुण्याची गाडी धरायची होती. गाडीत गर्दी फार. मशीन चालू होतं, तरी तिनं पेटी गळ्यात अडकवलेलीच ठेवली होती, आणि वाटेत ते दोनदा अडलं तेव्हा तिनं खळखळ न करता पंच वाजवत तिकिटं दिली. कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चुकीच्या थांब्याचं तिकीट मागितलं, पुन्हा बदललं, पुन्हा विचारलं. तिनं तिन्ही वेळा सारख्याच आवाजात उत्तर दिलं. मी ऐकत होतो.

मंचरला मी पिशवी घेऊन उतरलो. खिडकीपाशी जाऊन काहीतरी बोलावं असं मनात होतं. काय, ते ठरलं नव्हतं. पण फलाटावरून बायका चढत होत्या, कोणाचं गाठोडं दारात अडकलं होतं, आणि वैशाली ते आत ओढून घेत होती. मग आतून दोनदा घंटा वाजली. पोपटरावांनी मला पाहून हात वर केला. गाडी वळली, आणि मागच्या काचेतून मला फक्त तिची खाकी पाठ दिसली. तिनं वळून पाहिलं नाही. अजून पंधराएक माणसांची तिकिटं व्हायची होती.